मधला प्लग

सीतारामराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण शुक्रवारी सकाळी ते अजूनही कालव्याच्या तपासणीला निघाल्यासारखे तयार होत. अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात बूट. त्यांची बायको विजयलक्ष्मी दर शुक्रवारी तिरुवैयारुला मुलींना गाणं शिकवायला जाई, आणि तिला गाडीनं नेऊन आणायचं काम त्यांनी आपणहून पत्करलं होतं. तंजावूर सोडलं की तिरुवैयारुपर्यंत पुलामागून पूल लागतात. प्रत्येक पुलावर सीतारामराव गाडी जरा हळू करत आणि पाण्याकडे बघून बोलायला लागत. कुठलं दार गंजलंय, कुठे गाळ साचलाय, नव्या इंजिनीयर लोकांना काय कळत नाही. विजयलक्ष्मी मागच्या सीटवर बसे, कारण पुढच्या काचेतून येणारं ऊन तिला सोसत नसे. ती सगळं ऐकून घेई.

गाडी जुनी होती, पांढरी, तीन सिलिंडरची. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घराला लागून पत्र्याची शेड होती, तिच्यात ती उभी असे. सीतारामराव दर रविवारी तिचं तेल-पाणी स्वतः बघत.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका शुक्रवारी ते दोघं निघाले. करंदैच्या अलीकडे वडवार नदीच्या पुलाचा चढ लागला आणि गाडीनं एकदम गचका खाल्ला. मग दुसरा. इंजिन नीट चालतंय असं वाटावं, तोवर एखादा ठोका चुकावा आणि सगळी गाडी थरथरावी, असं होऊ लागलं. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवून वैताग आणला. सीतारामरावांनी कशीबशी गाडी बाजूला घेतली.

"मिसिंग आहे," ते म्हणाले. "एक प्लग काम करत नाही."

"मग मी बसनं जाते," विजयलक्ष्मी म्हणाली आणि उतरलीसुद्धा. "मुली वाट बघत असतील."

गाडी रखडत मणीच्या गॅरेजपर्यंत आली. मणी त्यांचा नेहमीचा मेकॅनिक. त्यानं आधी पेट्रोलला दोष दिला, मग कार्बोरेटर साफ केला आणि शेवटी तीनही प्लग काढून पाहिले. मधल्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या भागाला केसासारखी बारीक चीर गेली होती. उभ्या गाडीत ठिणगी नीट पडे, पण इंजिनवर जोर आला की त्या चिरेतून करंट बाहेर निसटे.

"जुना झाला असेल, सार," मणी म्हणाला आणि नवीन बसवून दिला.

तिथे हे संपायला हवं होतं. पण त्याच्या पुढच्या शुक्रवारी, त्याच पुलावर, गाडी पुन्हा तशीच गचके खाऊ लागली. पुन्हा मधलाच प्लग. पुन्हा तशीच चीर.

मणीनं प्लग उन्हात फिरवून पाहिला आणि विचारलं, "सार, तुम्ही स्वतः कधी आवळलात का हा?"

"मी?" सीतारामराव तापले. "प्लग आवळायला मी कालपासून शिकतोय का?"

घरी येताना मात्र त्यांच्या मनात वेगळंच चाललं होतं. मणीनं दिलेला प्लग खरंच नवीन होता का? खोकं त्यांनी पाहिलं नव्हतं. कुणाच्या तरी गाडीतून काढलेला, पुसून-बिसून बसवला असेल. इतकी वर्षं ओळख आहे म्हणून माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो, आणि मग असं होतं. त्यांनी मणीकडे जायचं बंद केलं. जुन्या बसस्टँडजवळच्या दुकानातून स्वतः बंद खोक्यातला प्लग आणला, स्वतःच्या हातानं बसवला, तिन्ही टोप्या नीट दाबल्या. दोन-तीन दिवस गावात फिरून पाहिलं. गाडी शिवणयंत्रासारखी चालली.

शुक्रवारी वडवारच्या पुलावर तिनं पुन्हा मान टाकली.

त्या दिवशी विजयलक्ष्मी गाडीतून उतरली तेव्हा तिच्या पिशवीत छत्री होती, पाण्याची बाटली होती. सीतारामरावांनी ते पाहिलं, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते बॉनेट उघडून उभे होते आणि त्यांना पहिल्यांदाच स्वच्छ वाटलं की, हे आपोआप होत नाही. कुणीतरी करतंय.

आता ते शांत डोक्यानं विचार करू लागले. बॉनेट उघडायचा खटका गाडीच्या आत असतो. गाडीला रात्रंदिवस कुलूप. काच फुटलेली नाही, दाराला ओरखडा नाही. म्हणजे करणाऱ्याकडे किल्ली आहे. एक किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. दुसरी? दुसरी पोंगलच्या आधी शेडला रंग देताना रघुरामला दिली होती, गाडी बाहेर काढायला. त्यानं ती परत केली होती का, ते त्यांना आठवेना.

रघुराम त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यापासून तो आणि त्याची बायको लावण्या वरच्या मजल्यावर राहत. तो एका पतसंस्थेत नोकरीला होता आणि दुपारी जेवायला घरी येई, नेमकं सीतारामराव झोपलेले असत तेव्हा. आणि पोंगल झाल्यावर काही दिवसांनी हाच रघुराम खाली येऊन म्हणाला होता, "काका, शुक्रवारसाठी मी ओळखीचा ऑटो ठरवून देऊ का? तुम्हाला आता का म्हणून त्रास?" तेव्हा सीतारामरावांनी त्याला हसून उडवून लावलं होतं. आता ते वाक्य त्यांना वेगळंच ऐकू येऊ लागलं. शेड रिकामी झाली की तिथे काय होईल? रघुरामला स्वतःची गाडी घ्यायची असेल. किंवा लावण्याला तिथे शिकवणी काढायची असेल, मागे ती तसं काहीतरी म्हणाली होती. एकेक जुनी गोष्ट उकरून ते तिला नव्या जागी बसवू लागले आणि प्रत्येक गोष्ट तिथे अगदी चपखल बसू लागली.

विजयलक्ष्मीला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. रघुरामवर तिचा जीव. ती त्याला सावध करेल, असं त्यांना वाटलं.

नवीन प्लग बसवून त्यांनी बॉनेटच्या फटीवर, खालच्या बाजूला, भाताच्या शितानं कागदाची बारीक पट्टी चिकटवली. पांढऱ्या रंगावर पांढरा कागद. माहीत नसलेल्याला दिसणार नाही. रोज सकाळी आणि दुपारच्या झोपेनंतर ते शेडमध्ये जाऊन वाकून बघत. सोमवारी पट्टी जागेवर होती. मंगळवारी, बुधवारी जागेवर होती. जिन्यात रघुराम भेटला की ते त्याच्या हातांकडे बघत, नखांत काळं आहे का. रघुराम विचारी, "काय काका, बरं आहे ना?" आणि ते म्हणत, "मला काय झालंय?"

गुरुवारी दुपारी झोपून उठल्यावर ते शेडमध्ये गेले. पट्टी मधोमध फाटली होती.

त्यांनी बॉनेट उघडलं, मधला प्लग काढला. चीर.  त्यांना रागापेक्षाही एक प्रकारचं समाधान वाटलं, आपलं बरोबर निघाल्याचं.

संध्याकाळी रघुराम कामावरून आला तो त्यांना रस्त्याकडच्या दारातच भेटला. ते त्याचीच वाट बघत उभे होते, प्लग हातात घेऊन.

"हे काय आहे?"

रघुरामनं पाहिलं. "गाडीचं काहीतरी आहे."

"काहीतरी! आज दुपारी जेवायला आला होतास ना? शेडमध्ये काय करत होतास?"

"शेडमध्ये? मी सरळ वर गेलो, काका. अर्ध्या तासात परत कामावर."

"दुसरी किल्ली कुठाय?"

"काकूंच्या हातात दिली होती तेव्हाच. काय झालं काय?"

"तू माझ्या भावाचा मुलगा म्हणून वरचा मजला दिला तुला," सीतारामरावांचा आवाज चढला. समोरच्या घरातली बाई दारात कोलमच्या रांगोळीसाठी पाणी शिंपडत होती, ती थांबली. "भाड्याचं नाव काढलं नाही. आणि तू माझ्या पाठीमागे माझी गाडी मोडतोस? शेड पाहिजे तर तोंडानं माग. हे चोरासारखं कशाला? नको असेल म्हाताऱ्याजवळ राहायला तर घर सोडून जा!"

लावण्या आवाज ऐकून जिना उतरून आली होती. ती रघुरामच्या बाजूला उभी राहिली. "काका, काय बोलताय ते कळतंय का? यांना प्लग कुठे असतो तेसुद्धा माहीत नाही."

"अस्के माहीत आहे त्याला, सगळं!"

 रघुरामचा चेहरा पडला होता. तो लावण्याला म्हणाला, "चल. सामान बांधू." आणि तो जिन्याकडे वळला.

"थांब, रघुराम."

विजयलक्ष्मी स्वयंपाकघरातून आली होती. तिनं हात पदराला पुसले. "तू कुठे जाऊ नको. त्यानं नाही केलं हो. मी केलं."

 सीतारामराव हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

"तू त्याला वाचवायला बघतेस. मला ठाऊक होतं तू हेच करशील."

"मी केलं म्हणते ना."

"तुला प्लग काढता येतो?"

"या," ती म्हणाली.

ती शेडकडे निघाली आणि तिच्यामागे बाकीचे. बॉनेट उघडंच होतं. फळीवरून तिनं प्लगपाना घेतला, अगदी रोज हातात असल्यासारखा. पहिल्या प्लगची रबरी टोपी तिनं पिळून वर ओढली, पाना बसवला आणि मग तो सरळ न धरता बाजूला कलवून मनगटानं एक दाब दिला. टिक असा बारीक आवाज आला. तिनं प्लग फिरवून बाहेर काढला आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवला. चिनी मातीवर केसासारखी चीर गेली होती.

"तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. "ओरत्तनाडुला बदली होती तेव्हा. तुम्ही मोटरसायकल खोलून बसायचात आणि मी सामान हातात द्यायची. पाना तिरका धरलास तर मातीची मान तडकते आणि बाहेरून कळतही नाही, असं ओरडायचात माझ्यावर."

सीतारामरावांनी प्लग उजेडाकडे धरून चीर पुन्हा पाहिली.

"किल्ली?"

"दुपारी झोपता तेव्हा शर्ट खुंटीला असतो की. आणि दुसरी कपाटात आहे."

"पण का? गाडी तुझ्यासाठीच काढतो मी. बसमध्ये उभी राहून तुझीच कंबर दुखते."

"कंबर दुखली तर दुखली." तिनं पाना फळीवर ठेवला. "पोंगलनंतरच्या शुक्रवारी वेण्णार नदीच्या पुलाच्या अलीकडे डावीकडून एक सायकलवाला आला. मागे केळीच्या पानांचा भारा. तुम्ही त्याला पाहिलंच नाही. तुम्ही सरळ गेलात. तो सायकलीसकट खाली पडला. मी मागच्या काचेतून पाहिलं. तो उठून बसला, एक हात धरून."

"कुठला सायकलवाला? मला काही लागल्याचं कळलं नाही."

"तुमच्या गाडीला लागलाच नाही तो. तुम्हाला चुकवायला गेला आणि खड्ड्यात पडला."

"तू सांगितलं नाहीस."

"त्याच रात्री सांगितलं. तुम्ही म्हणालात, मला गाडी चालवायला शिकवू नको. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. तुम्ही जेवणावरून उठलात. मग मीच रघुरामला म्हटलं, तू ऑटोचं सांगून बघ. त्याला तुम्ही हसलात." तिनं बोटांवरचं काळं पदराला पुसलं. "मग काय करणार? शुक्रवारी सकाळी गाडीत बसले की डावीकडून कोण येतंय तेच मी बघत राहायची. म्हटलं, गाडी पुलापलीकडे गेलीच नाही पाहिजे."

रघुराम आणि लावण्या शेडच्या दारात उभे होते. लावण्यानं त्याचा हात धरला आणि दोघं वर निघून गेले. मघाशी बांधायला निघालेलं सामान त्यांनी बांधलं की नाही, ते खाली कळलं नाही. त्या रात्री वरून नेहमी ऐकू येणारा टीव्ही ऐकू आला नाही.

सीतारामराव पलंगावर पडून विचार करत राहिले. बायको खोटं बोलत नाही हे त्यांना माहीत होतं. पण ती घाबरट होती. रस्त्यात कुत्रं आलं तरी ती मागून ओरडे. एखादा माणूस आपला आपण पडला असेल, हिला वाटलं असेल आपल्यामुळे. डोळ्यांना काय झालंय? कॅलेंडरवरची बारीक अक्षरं ते चष्म्याशिवाय वाचत. दूरच्या बसवरची पाटी तिच्या आधी त्यांना दिसे.

सकाळी ते म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर. बसनं. मला ती जागा दाखव."

वेण्णारच्या अलीकडे ते दोघं बसमधून उतरले. पुलाजवळ डावीकडून एक कच्ची वाट केळीच्या बागांतून येऊन रस्त्याला मिळत होती. कोपऱ्यावर चहाचं दुकान होतं. विजयलक्ष्मीनं बोट दाखवलं. सीतारामराव रस्त्याच्या कडेला उभे राहून बराच वेळ त्या वाटेकडे बघत होते. वाट चांगली रुंद होती. त्यांना ती आठवत नव्हती. दर शुक्रवारी इतकी वर्षं ते इथून जात होते, पुलाच्या उजव्या बाजूचा एकेक दगड त्यांना माहीत होता, आणि ही वाट त्यांनी पाहिलीच नसल्यासारखी वाटत होती.

त्यांनी चहा सांगितला आणि सहज विचारल्यासारखं तमिळमध्ये विचारलं, "इथे मध्यंतरी कुणी सायकलवाला पडला होता का?"

चहावाला गाळणी झटकत म्हणाला, "सुब्रमण्यम का? केळीची पानं विकणारा? पोंगलनंतर पडला. मनगट मोडलं बिचाऱ्याचं. एक पांढरी छोटी गाडी होती, सार. थांबलीसुद्धा नाही. पिऊन चालवत असणार, नाहीतर मस्ती. अशा माणसाला बांधून ठेवायला पाहिजे."

सीतारामरावांनी ग्लास फळीवर ठेवला. चहा तसाच होता.

"तो कुठे राहतो?"

चहावाल्यानं आता त्यांच्याकडे नीट पाहिलं. बूट, इस्त्रीचा शर्ट, खिशाचं पेन. "तुम्ही कोण? विम्याचे का?"

"नाही. भेटायचंय."

त्यानं वाट दाखवली, पण ते निघाल्यावर दुकानाबाहेर येऊन तो त्यांच्याकडे बघत राहिला.

सुब्रमण्यमचं घर बागेच्या कडेला होतं. दारात सायकल उभी होती, तिचं पुढचं चाक अजून वाकडंच. पन्नाशीचा, काटक माणूस. उजव्या हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगट सुजलेलं आणि वळत नव्हतं. तो ओट्यावर बसून डाव्या हातानं केळीची पानं सारखी करत होता. अनोळखी म्हातारा दारात बघून त्यानं हातातलं काम थांबवलं.

सीतारामराव म्हणाले, "पोंगलनंतर तुम्ही रस्त्यावर पडलात. ती गाडी माझी होती. मी चालवत होतो."

सुब्रमण्यमनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे रस्त्याकडे, आणखी कोण आलंय का ते बघायला.

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"माझ्या मेव्हण्यानं पोलिसांत सांगितलं का? मी नको म्हटलं होतं त्याला. मला स्टेशनला यायचं नाही."

"पोलिसांचा काही संबंध नाही."

"मग इतक्या दिवसांनी का? कसली तरी सही पाहिजे असेल. मी सही करणार नाही. आणि तुम्ही नव्हता. त्या गाडीत कुणी तरुण माणूस असणार. तुमच्या मुलासाठी आलात का?"

 आयुष्यात पहिल्यांदा सीतारामराव स्वतःची चूक कबूल करत होते आणि ती मान्य करायला समोरचा तयार नव्हता. तोवर विजयलक्ष्मी मागून पुढे आली. तिला पाहताच सुब्रमण्यमच्या चेहऱ्यावर बदल झाला.

"या अम्मा होत्या," तो हळू म्हणाला. "मागच्या काचेतून बघत होत्या. याच."

"होय," विजयलक्ष्मी म्हणाली. "मी पाहिलं तुम्हाला. मी यांना गाडी थांबवा म्हटलं. यांना वाटलं मी पाण्याबद्दल काही म्हणते, यांनी तिकडे हात दाखवला. मी दुसऱ्यांदा नाही म्हटलं. तेव्हाच म्हणायला हवं होतं." ती ओट्याच्या पायरीवर बसली आणि रडू लागली.

सुब्रमण्यमची बायको आतून पाणी घेऊन आली. तिनं ते विजयलक्ष्मीला दिलं, सीतारामरावांना नाही. सीतारामरावांनी दवाखान्याच्या खर्चाचं विचारलं, पुढच्या उपचारांचं बघतो म्हणाले. सुब्रमण्यम म्हणाला, खर्चाचं नंतर बघू. मग थोड्या वेळानं तो म्हणाला, "तुम्ही थांबला असता तर मी लगेच दवाखान्यात गेलो असतो. मी मुका मार समजून घरी लेप लावत बसलो. हाड वाकडं जुळलं. आता पानं कापायला कोयता धरता येत नाही." हे त्यानं तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. म्हणूनच सीतारामरावांना ते ऐकणं जास्त अवघड गेलं.

पुढच्या आठवड्यात ते विजयलक्ष्मीला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तक्त्यावरची अगदी खालची ओळसुद्धा त्यांनी धडाधड वाचली आणि बायकोकडे पाहिलं. मग त्यांना एका यंत्रासमोर बसवलं. समोरच्या बिंदूकडे नजर रोखायची आणि आजूबाजूला कुठेही उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. सीतारामराव बसले. उजवीकडे दिवे चमकत होते, ते दाबत होते. मग बराच वेळ काहीच चमकलं नाही.

"यंत्र बंद पडलंय," ते म्हणाले.

"चालू आहे, सार," तिथली मुलगी म्हणाली.

"नीट बघा. काही दिसत नाहीये."

त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी हट्ट धरला की हिला बसवून बघा. विजयलक्ष्मीला बसवलं. ते तिच्या मागे उभे राहून तिच्या हाताकडे बघत राहिले. तिचा अंगठा थांबतच नव्हता. टक, टक, टक.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं कागदावर आलेलं चित्र पुढे केलं. उजवी बाजू उजळ होती, डावीकडे काळा पट्टा. काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, डाव्यात फार पुढे गेलेला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली थेंबांनी टिकवायची होती. "यात दुखत नाही आणि समोरचं स्वच्छ दिसतं," ती म्हणाली. "म्हणून माणसाला स्वतःला कळत नाही. गाडी मात्र आजपासून बंद."

परत येताना बसमध्ये ते काही बोलले नाहीत. पुलावर बस हळू झाली तेव्हाही नाही.

मणीला त्यांनी फोन केला आणि गाडी घेऊन जा, कुणी गिऱ्हाईक असेल तर बघ, असं सांगितलं. मणीनं विचारलं, "सार, प्लगचं काय निघालं शेवटी?" ते म्हणाले, "घरचंच होतं काहीतरी." त्याच्यावरही आपण शंका घेतली होती, हे सांगायला त्यांची जीभ रेटली नाही.

रघुरामचं तसं नव्हतं. तो एकाच जिन्यानं जात-येत होता, खाली मान घालून. त्या संध्याकाळपासून लावण्या एकदाही खाली आली नव्हती. विजयलक्ष्मी वर जाई, भाजी देऊन येई. तिच्याकडून कळलं की ते दोघं मेडिकल कॉलेज रोडकडे घर बघून आलेत. रविवारी सकाळी सीतारामराव जिना चढले. वरच्या मजल्यावर ते क्वचितच येत. लावण्या इडलीचं पीठ ढवळत होती आणि रघुराम पेपर वाचत होता. दोघंही उठले नाहीत.

त्यांनी आत येऊन दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "रघुराम, माझं चुकलं. तू काही केलं नव्हतंस. मला दिसत नव्हतं, ते मी दुसऱ्यावर ढकललं. तू जाऊ नको."

रघुराम म्हणाला, "असू दे, काका."

लावण्यानं डाव पातेल्यात ठेवला. "यांचं असू दे असेल, माझं नाही. काका, चोर म्हणालात तेव्हा रस्त्याकडचं दार उघडं होतं. समोरच्यांनी ऐकलं, शेजारच्यांनी ऐकलं. पतसंस्थेत यांना विचारलं लोकांनी. आता मात्र दार लावून सांगताय."

 सीतारामराव रस्त्याकडच्या गच्चीचं दार उघडून बाहेर गेले. खाली समोरची बाई भाजीवाल्याशी घासाघीस करत होती, शेजारचे गृहस्थ स्कूटर पुसत होते. सीतारामरावांनी कठडा धरला आणि त्यांच्या खात्यातल्या आवाजात, कालव्याच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात, सुरुवात केली. आधी मराठीत, मग समोरच्यांना कळावं म्हणून तमिळमध्ये. माझ्या भावाच्या मुलानं काही केलं नव्हतं. मी त्याला चोर म्हणालो ते खोटं होतं. गाडी मला चालवता येत नव्हती, मला डावीकडचं दिसत नाही.

भाजीवाला वर बघत राहिला. स्कूटर पुसणाऱ्या गृहस्थांनी फडकं खाली ठेवलं.

रघुराम धावत गच्चीत आला आणि त्यांचा दंड धरून म्हणाला, "पुरे, काका. पुरे झालं."

"असू दे," आतून लावण्या म्हणाली. "बोलू दे त्यांना पूर्ण."